मदत हवी आहे: कॉर्सायराचे (साठवलेल्या धान्यातल्या अळीचे) पतंग बारीक निघतायत, अंडी निम्म्यावर

भरडा_पेटी:
नमस्कार मंडळी, आमच्या गटाचं ट्रायकोकार्डचं छोटं युनिट आहे (कॉर्सायराची अंडी कार्डावर चिकटवून त्यात ट्रायकोग्रामा हा किडींची अंडी मारणारा परजीवी कीटक वाढवतो, ती कार्डं शेतात लावतात), गेल्या दोन खेपांपासून पतंग अगदीच बारके निघतायत, मादीचं पोट पूर्वी कसं टम्म असायचं ते आता चपटं, आणि अंडी निम्म्यावर आलीत. मध-पाणी देऊन बघितलं, फरक शून्य. उसासाठी कार्डं द्यायचीत, प्लीज लवकर सांगा.

निशाचर:
तापमान किती? भरडा कशाचा? पेटीत अंडी किती टाकता?

शिवारकरी:
ब्रॅकॉन (अळ्यांवर जगणारा बारीक परजीवी कीटक) शिरलाय. झाकणाची जाळी बदला, आमचं त्यानेच सुटलं.

निशाचर:
ब्रॅकॉनने अळी लुळी पडून मरते हो, पतंग बारीक कशाला निघेल?

भरडा_पेटी:
ज्वारीचा भरडा अडीच किलो, शेंगदाणा, यीस्ट, सगळं नेहमीचंच. अंडी दीड सीसी, मागणी वाढली म्हणून.

कोषवाली:
अहो दादा, अडीच किलोला अर्धा सीसी टाकतात! एका सीसीत १६-१८ हजार अंडी, म्हणजे तुम्ही तिप्पट अळ्या कोंबल्यात. पतंगाच्या अंगातली चरबी ही अळीने खाऊन साठवलेली असते, त्याच शिदोरीवर मादी अंडी भरते. दाटीत खाणं पुरत नाही, अळ्या एकमेकींना सारख्या धडकतात, मग कमी वजनावरच कोष करतात. पेटीत हात घालून बघा, भरडा गरम लागेल आणि जाळ्याचे गठ्ठे झाले असतील. वरून मध पाजून ती तूट भरत नाही.

शिवारकरी:
पण लष्करी अळी तर गर्दीतच जोमात असते, काळी पडते आणि शेतच्या शेत फस्त करते.

निशाचर:
तिच्यात काही जातींना गर्दीचं वेगळं रूपच असतं. ती खाणं संपलं की पुढच्या शेतात जाते, ही पेटीत बंद आहे.

कपाशी_भाऊ:
गुलाबी बोंडअळीला ही कार्डं कधी लावायची? आणि तुमच्याकडे मिळतील का?

कोषवाली:
भाऊ, त्याचा वेगळा धागा काढा ना.

भरडा_पेटी:
हात घातला, खरंच गरम आहे आणि भरडा ढेकळासारखा झालाय. पण चरबीच कमी आहे हे कसं कळणार? गटाला दाखवावं लागेल.

कोषवाली:
आज निघालेल्या, अंडी न घातलेल्या माद्या घ्या. तोंडापुढे लांब टोकदार मिशीसारखं दिसतं ती मादी, नराचं आखूड. वाळवून वजन करा, जवळच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ईथरने चरबी काढून घ्या, परत वाळवून वजन करा. घटलं तेवढी चरबी.

भरडा_पेटी:
एक पेटी अर्ध्या सीसीची, एक दीडची, आजच भरतो. पण निघायला चाळीसेक दिवस जाणार, उसाची कार्डं या खेपेला कमीच देतो आणि शेतकऱ्यांना तसं सांगतो.

निशाचर:
दोन्हींचा भरडा एकाच पोत्यातला घ्या, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.