मदत हवी आहे: श्टुटगार्टजवळच्या व्यवसाय शाळा पाहायच्या आहेत

नमस्कार. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवते. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आठ दिवस स्वखर्चाने जर्मनीत जाणार आहे. महिनाअखेरीला तिथे शरद सुट्टी लागते, म्हणून तारखा पुढे सरकवता येत नाहीत. राहायची सोय नातेवाइकांकडे आहे, व्हिसाचंही मार्गी लागलंय.

मला इमारत आणि यंत्रं दाखवणारी फेरी नकोय. तिथली मुलं आठवड्यातले एक-दोन दिवस बेरूफ्सशूलेत (व्यवसाय शिक्षणाच्या शाळेत) आणि बाकीचे कंपनीत शिकतात. शाळेतला शिक्षक आणि कंपनीतला प्रशिक्षक एकाच मुलाचं शिकणं कसं जुळवतात, हे मला वर्गात मागे बसून पाहायचंय. आमच्याकडे अप्रेंटिसशिपला गेलेल्या मुलाशी शिक्षकाचा संबंध जवळजवळ तुटतोच, म्हणून ही तळमळ.

तीन शाळांना इंग्रजीत ईमेल केले. दोघांचं उत्तर नाही, तिसरीने कार्यालयाकडे पाठवलं, तिथून पुढे काही नाही. जर्मन ए-टूपर्यंत, म्हणजे प्राथमिक पातळीपर्यंत, येतं.

तिकडे शिकवणाऱ्या किंवा आउसबिल्डुंग (असं शाळा-कंपनीतलं व्यवसाय प्रशिक्षण) केलेल्या कुणी सांगाल का: आधी मुख्याध्यापकांना लिहायचं, थेट मेकॅट्रॉनिक्सच्या विभागप्रमुखांना, की उद्योग-व्यापार मंडळाला? आणि कंपनीतल्या प्रशिक्षण कार्यशाळेसाठी परवानगी वेगळी मागावी लागते का?