'मस्ट'चं सरसकट 'हॅड टू' करणाऱ्या तक्त्याबद्दल

तिरफळ

परवा 'सडाकातळ' यांनी बारावीच्या पोरांसाठी इंग्रजीच्या इनडायरेक्ट स्पीचचा, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगताना काय बदलतं त्याचा, तक्ता टाकला. कॅनचं कुड, विलचं वुड, शॅलचं वुड, मेचं माइट, मस्टचं हॅड टू. खाली ठळक अक्षरांत: 'एवढं पाठ करा. ही सेड आलं की पुढचं बदललंच पाहिजे, अपवाद नाही.' रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत सगळ्या ग्रुपांवर तो फिरतोय. तक्त्यावर राग नाही, राग त्या 'अपवाद नाही'वर आहे.

एकच वाक्य घ्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बंदरावरचा अधिकारी म्हणतो, 'बोट्स मस्ट नॉट गो आउट.' लावा तक्ता. मस्टचं हॅड टू, नकार आहे म्हणून डिडन्ट हॅव टू. तयार झालं: 'ही सेड दॅट बोट्स डिडन्ट हॅव टू गो आउट.' म्हणजे बोटी काढायची गरज नाही, काढल्यात तर तुमची मर्जी. बंदीची सवलत झाली की हो! इथे एक तर 'मस्ट नॉट' तसंच ठेवायचं, नाहीतर 'वेअर नॉट टू गो आउट' किंवा 'वेअर नॉट अलाउड टू गो आउट' लिहायचं.

नकार नसला तरी मस्ट एका साच्यात बसत नाही. 'आय मस्ट गो नाउ' ही आत्ताची सक्ती, तिथे हॅड टू बरोबर. 'आय मस्ट गो टुमॉरो' ही उद्याची, तिथे 'वुड हॅव टू गो द नेक्स्ट डे' जास्त नेमकं. कायमचा नियम असेल, 'पॅसेंजर्स मस्ट वेअर लाइफ जॅकेट्स', तर मस्टला हात लावायची गरज नाही. आणि अंदाज असेल तर बदलायचंच नाही. 'द बस मस्ट हॅव लेफ्ट' म्हणजे एसटी गेली असणार. याचं तक्त्याने 'हॅड टू हॅव लेफ्ट' करणारी पोरं आहेत, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

कारणही सांगतो. विल-वुड, कॅन-कुड, मे-माइट या मुळात वर्तमान-भूत अशा जोड्याच आहेत. मस्टला जोडीदार नाही, कारण मस्ट हेच जुन्या इंग्रजीतल्या दुसऱ्या एका क्रियापदाचं भूतकाळी रूप. त्याचं वर्तमानरूप मागे पडलं, हे तेवढं उरलं. ऑटही मुळात भूतकाळीच रूप. आधीच मागे गेलेल्याला अजून किती मागे ढकलणार?

सडाकातळ

वा. पेपर एका मार्काचा आणि उत्तर पानभर.

तिरफळ, वर्गात साठ पोरं असतात. त्यांतली निम्मी 'ही सेड टू मी दॅट आय विल कम' लिहितात. त्यांना जुन्या इंग्रजीचा इतिहास सांगू? पोहायला शिकवताना आधी पाठीला सुक्या नारळांची जोडी बांधतात, मग सोडतात विहिरीत. भरती-ओहोटीचं गणित नंतर. माझा तक्ता म्हणजे ती नारळांची जोडी.

आणि मॉडेल आन्सरमध्ये हॅड टू असेल तर तपासणारा तेच बघतो.

तिरफळ

नारळ बांधा हो. तुम्ही पाटा बांधलात.

आबोली

दोघांनाही: मस्टवरच अडलात, मे राहिलाय. 'यू मे गो' ही परवानगी, 'इट मे रेन' ही शक्यता. तक्ता दोन्हींचं माइट करतो. शक्यतेला ठीक. पण 'यू मे नॉट लीव' या मनाईचं 'ही सेड आय माइट नॉट लीव' केलंत, तर वाचणाऱ्याला वाटतं की कदाचित मी निघणार नाही. परवानगी असेल तर कुड किंवा 'वॉज अलाउड टू' घ्यावं.

शॅलचंही तेच. 'शॅल आय ब्रिंग द फिश?' हे विचारणं आहे, आणू का? त्याचं 'आस्क्ड इफ ही शुड ब्रिंग', वुड नाही. पण 'शॅल आय एव्हर सी हर अगेन?' इथे वुड, कारण तिथे नुसता भविष्यकाळ. अर्थ न बघता रूप बदलणं म्हणजे माशाचं नाव न विचारता कालवण करणं. बांगड्याला तिरफळ घातलं म्हणून कोणी पापलेटला घालत नाही.

तिरफळ

माझ्या नावावर कोटी केल्याबद्दल आभार. मुद्दा मान्य.

रापण

तुमचं सगळं ठीक, पण मूळ दुखणं इंग्रजीचं नाहीच. आपल्या मालवणीत दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं पुढे देतात. 'येतंय म्हणान सांगल्यान, नि येवक नाय.' यात 'येतंय', म्हणजे 'मी येतो', हे त्याचंच, मी धरून, त्याच्याच काळात. भूतकाळ फक्त 'सांगल्यान'मध्ये. मराठीतही 'येतो म्हणाला'. तोच पोरगा इंग्रजीत 'ही सेड दॅट आय विल कम' लिहितो, तेव्हा दोन गोष्टी घेऊन आलेला असतो. आय ठेवणं कायम चूक. विल ठेवणं प्रत्येक वेळी चूक नाही. सडाकातळ दोन्हींवर एकच लाल रेघ मारतात, म्हणून पोराला कळत नाही नेमकं चुकलं काय.

उलट आता आपलं मराठीच इंग्रजीसारखं व्हायला लागलंय. बातम्या बघा: 'मंत्र्यांनी सांगितले की ते उद्या येतील.' ते कोण? मंत्री की आणखी कोणी? 'उद्या येतो, असं मंत्री म्हणाले' यात शंकाच राहत नाही. हा 'की' आलाय फारसीतून, आणि इंग्रजीच्या दॅटने त्याला डोक्यावर बसवला. जुन्या पत्रांत 'विनंती ऐसीजे' असायचं, तिथे कुणाचं अडत होतं?

खाजणवाट

रापण, फारसी म्हणून 'की' नको असेल तर सरकार, जमीन, अर्ज सगळं परत करा. आणि किनारासुद्धा. कोकणचा 'काठ' म्हणत बसा.

रापण

शब्दाला विरोध नाही, वाक्याच्या बांधणीला आहे. नीट वाचलंत तर दिसेल.

खाजणवाट

नीटच वाचलं. 'ऐसीजे' म्हणजे 'अशी की', मग त्यातला 'जे' तरी काय करतो? तोही पुढचं वाक्य जोडतोच. म्हणजे 'की'ची बांधणी फारसीने दिली असं म्हणताना तुमचाच पुरावा तुमच्या विरुद्ध जातोय. संदिग्धता 'की'मुळे नाहीच. 'मंत्री म्हणाले की मी उद्या येतो' लिहा, 'की' आहे आणि शंका नाही. घोळ सर्वनामाचा आहे. अनुवाद करणारा ही-चं 'ते' करतो, कारण इंग्रजीत पुरुष बदलतो. मराठीत तो बदलायची गरज नाही.

रापण

बरं. घोळ सर्वनामाचा, 'की'चा नाही. एवढं मान्य. 'की' तरीही कानाला खटकतो आणि खटकत राहणार.

खाजणवाट

खटकू दे की.

सडाकातळ

फारसी संपली असेल तर इंग्रजीकडे येऊ. रापण म्हणतात विल कधी कधी चालतं. हे पोरांना सांगणं म्हणजे मार्क पाण्यात. नियम नियम असतो.

तिरफळ

नियम आहे, पण तुम्ही सांगता तो नाही. दाभोळच्या जेट्टीवर माणूस म्हणतो, 'द फेरी विल लीव अॅट फाइव.' चार वाजता तुम्ही हे दुसऱ्याला सांगताय, तर 'ही सेड द फेरी विल लीव अॅट फाइव' अगदी शुद्ध, कारण पाच अजून वाजायचेत. सहा वाजता सांगताय, तर फक्त वुड. फेरी सुटली असो वा नसो, त्याचं भविष्य आता मागे पडलं.

आता तुम्हाला हवं ते घ्या: वुड दोन्ही वेळा चालतं. म्हणून पेपरात वुडच लिहा, यावर माझं भांडण नाही. पण विल दिसलं की 'अशुद्ध' असा शेरा मारू नका. आणि 'ही सेज' असेल तर मुळात काही बदलायचंच नाही, हेही तुमच्या तक्त्यात कुठे नाही.

सडाकातळ

ते सगळ्यांना माहीत असतं.

आबोली

माहीत असतं तर पोरं 'ही सेज ही वुड कम' का लिहितात?

आणखी एक, यात गुण हमखास जातात. वुड, कुड, शुड, माइट आधीच मागचे आहेत, त्यांना बहुतेक वेळा हलवायचं नाही. तक्ता पाठ केलेला मुलगा 'बदललंच पाहिजे'च्या धाकाने वुडचं वुड हॅव करतो. 'आय वुड बाय अ बोट इफ आय हॅड मनी' हे बोलणाऱ्याचं आजचं स्वप्न. 'ही सेड ही वुड हॅव बॉट अ बोट इफ ही हॅड हॅड मनी' केलं की वेळ निघून गेल्यासारखं होतं, बोट कायमची हातची गेली. बरोबर: 'ही सेड ही वुड बाय अ बोट इफ ही हॅड मनी.' इफ आणि विल असेल तरच दोन्ही सरकतात, रेन्सचं रेन्ड, विलचं वुड.

खाजणवाट

आणि त्या कुडमधल्या एलचं कोणी काही बोलेल का? उच्चारात नाही, कॅनमध्ये नाही, वुड-शुडचं बघून आत घुसलेला. विलचा एल खरा, शॅलचा खरा, याचा उसना.

आबोली

खाजणवाट, तो एल आत्ता कोणालाही अडवत नाहीये.

सडाकातळ

ठीक. तुम्ही सगळे विद्वान, आम्ही तक्तेवाले. 'अपवाद नाही' काढतो. मस्टच्या ओळीत 'आत्ताची सक्ती असेल तरच' असं घालतो. 'ही सेज'ची ओळ सर्वांत वर. पान वाढलं आणि पोरांनी वाचलं नाही, तर मग त्यांचे फोन तिरफळ यांनी घ्यायचे.

तिरफळ

घेतो. मस्ट नॉटची वेगळी ओळ करा.

आबोली

आणि मे नॉटची.

सडाकातळ

करतो म्हणालो ना.

रापण

बघा, 'की' लागला नाही.