फेल झालेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवावी का?

रात्रपाळी
आमच्या टीमसमोर प्रस्ताव आहे की जेनकिन्सवर (कोड आपोआप बांधून तपासणाऱ्या साधनावर) एखादी टेस्ट फेल झाली तर ती आपोआप आणखी दोनदा चालवावी, आणि तीनपैकी एकदा जरी पास झाली तरी बिल्ड (कोडची ती बांधणी) हिरवे, म्हणजे पास, धरावे. माझा याला विरोध आहे. मागच्या वर्षी रात्री दोनच्या बिल्डमध्ये पावतीच्या तारखेची एक टेस्ट सतत फेल होत असे. सकाळी दहाला कोणीतरी ती पुन्हा चालवी, ती पास होई आणि विषय तिथेच संपे. तीन आठवड्यांनी लॉग (टेस्ट चालतानाची नोंद) नीट वाचला तेव्हा उमगले की सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर) आहे, पावतीची तारीख त्यावरूनच घेतली जाते, आणि आपल्याकडे मध्यरात्र उलटली तरी पहाटे साडेपाचपर्यंत तिथे कालचीच तारीख असते. टेस्ट फ्लेकी (कोड न बदलताही कधी पास, कधी फेल होणारी) नव्हतीच. रात्री बारानंतर पैसे भरणाऱ्या ग्राहकाला खरोखर आदल्या दिवसाची पावती मिळत होती.

हिशेबी
आपले उदाहरण आपल्याच विरोधात जाते. रात्री दोनला ती टेस्ट लागोपाठ तीनदा चालवली असती तर तिन्ही वेळा फेल झाली असती आणि बिल्ड लालच राहिले असते. घोळ घातला तो सकाळी बटण दाबणाऱ्याने, आणि बटणावर कोणाचाच प्रस्ताव नाही. आता आकडे पाहा. २,००० टेस्ट आहेत आणि प्रत्येक हजारात एकदा विनाकारण फेल होते असे धरले, तर सगळ्या एका दमात पास होण्याची शक्यता जेमतेम १३.५ टक्के उरते. म्हणजे कोडमध्ये काहीही बिघडलेले नसताना शंभरातली ८६ बिल्ड लाल. रोजच लाल दिसणाऱ्या बिल्डकडे चौथ्या दिवशी कोणी पाहत नाही. गूगलने २०१६ मध्ये सांगितले होते की त्यांच्या सुमारे १६ टक्के टेस्टमध्ये कमीअधिक फ्लेकीपणा आहे, आणि पासवरून फेलकडे गेलेल्या ८४ टक्के प्रसंगांत अशा टेस्टचा संबंध असतो. तिथे ही गत, तर आपण कोण?

रात्रपाळी
उदाहरणाबद्दलचा आक्षेप मान्य. पण हाच हिशेब उलट्या बाजूने करा. दोन थ्रेडच्या (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या) शर्यतीतला खराखुरा बग दहात एकदा दिसतो असे समजा. तीन संधी दिल्या की तो बिल्ड लाल करण्याची शक्यता हजारात एकावर येते. ग्राहकाचा व्यवहार मात्र एकदाच होतो. शिवाय आपण प्रत्येक टेस्ट स्वतंत्र धरली आहे. आमच्याकडे एका टेस्टने डेटाबेसमध्ये मागे सोडलेली नोंद दुसरीला पाडते, आणि पुन्हा चालवताना ती दुसरी एकटीच चालत असल्यामुळे बिनबोभाट पास होते.

जुना गडी
मी पुन्हा चालवण्याच्या बाजूचा आहे, पण पहिल्या फेलचा पुरावा पुसला जाणार नसेल तरच. आमच्या ब्राउझरच्या टेस्ट अधूनमधून पडत आणि दुसऱ्या फेरीत पास होत, म्हणून त्यांना सहा महिने फ्लेकी म्हणून हिणवले गेले. पहिल्या फेरीचा लॉग जपायला लागलो तेव्हा दिसले की प्रत्येक वेळी जड पान उघडतानाच क्रोम कोसळत होता: डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणारे साधन) आपल्या कंटेनरला, म्हणजे त्या कप्प्याला, शेअर्ड (सामायिक) मेमरी मुळात ६४ एमबीच देतो. ती वाढवण्याची एक ओळ लिहिली आणि त्या सगळ्या टेस्ट एकदम शहाण्या झाल्या. लॉगबरोबर कोणत्या मशीनवर, किती वाजता आणि कोणत्या क्रमाने टेस्ट चालल्या हेही नोंदवावे. त्याशिवाय नंतर खोदकाम करता येत नाही.

हिशेबी
नोंदी जपणे ठीक, पण त्या वाचणार कोण? शुक्रवारी संध्याकाळी रिलीज अडलेले असताना हिरव्या बिल्डच्या पोटातला फेल लॉग उघडणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

रात्रपाळी
म्हणूनच दुसऱ्या फेरीत पास झालेल्या टेस्टचे तिकीट (दुरुस्तीच्या कामाची नोंद) आपोआप तयार होऊन ते ज्या त्या मॉड्यूलच्या मालकाच्या नावावर पडावे, अशी अट मी प्रस्तावात सुचवतो. ती मान्य झाली तर माझा विरोध निम्म्यावर येईल. पैशांच्या व्यवहारांच्या टेस्टना मात्र दुसरी संधी नको, यावर मी ठाम आहे.