चाळिशीनंतर हाफ मॅरेथॉन: धावा खुशाल, पण तारखेचा हट्ट कशाला?

बिनघड्याळी

आधीच सांगतो, मी धावण्याच्या विरोधात नाहीये, स्वतः बावन्नचा आहे आणि नियमित धावतो. माझा आक्षेप शर्यतीला आहे. म्हणजे कसं होतं बघा, पंचेचाळीस-पन्नाशीला माणूस एकतर रक्ताचे रिपोर्ट बघून घाबरतो नाहीतर ऑफिसातलं कुणीतरी गळ्यात मेडल घालून फोटो टाकतं, मग हाही रजिस्ट्रेशन करून मोकळा होतो. हातात तारीख आली की बारा आठवड्यांचा प्लॅन डाउनलोड होतो आणि तिथून पुढे पाय काय म्हणतायत हा विषयच संपतो, तक्त्यात आज १४ किमी लिहिलंय ना, मग १४.

गोची अशी की दम लवकर वाढतो. महिना-दोन महिन्यांत छाती भरून यायची थांबते, पेस (किलोमीटरमागे लागणारा वेळ) सुधारतो, माणूस खूष. टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि हाडं मात्र मागेच असतात, टेंडनला रक्तपुरवठा मुळात कमी, त्यांचं बळकट होणं सावकाश, आणि वयानुसार ते अजून सावकाश होतं. त्यामुळे आपण उडतोय असं वाटायला लागतं नेमकं तेव्हाच पोटरी धरते किंवा सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेमागे कळ येते. विशीतला पोरगा त्यातून लवकर सुटतो, आपण महिनोन्महिने लंगडतो. तारीख नसती तर त्याच दिवशी थांबलो असतो, तारीख आहे म्हणून पेनकिलर घेऊन धावतो, ज्या गोळ्या लांब पल्ल्याला अंगातलं पाणी कमी झालेलं असताना किडनीला त्रासदायक ठरू शकतात हे माहीत असून.

हाफचे २१.०९७५ किमी पळायचेत तर कुठल्याही सकाळी पळा की. बिब (छातीवरचा नंबर), मेडल, कटऑफ (शर्यत संपवायची शेवटची वेळ) कशाला हवं? बोला.

हळूबाई

साफ असहमत. तारीख नसेल तर कुणी उठत नाही, हे कटू सत्य आहे. "तब्येतीसाठी धावायचं" हे कारण पहाटे पाच वाजता अंथरुणात फारच अशक्त वाटतं हो, आणि पैसे भरलेत हे कारण एकदम सशक्त. तुम्हाला वर्षानुवर्षांची सवय आहे म्हणून तुम्ही बिनतारखेचे धावू शकता, ज्याने शाळेनंतर कधी पळूनच बघितलं नाही त्याला तारखेखेरीज काय धरून ठेवणार? शिवाय एकटं २१ पळणं आणि हजारभर लोकांबरोबर २१ पळणं यात फरक आहे, तो मेडलचा नाही, पंधराव्या किलोमीटरनंतर शेजारी कुणीतरी तितकंच वैतागलेलं असण्याचा आहे.

पायमोजे

बारा आठवड्यांचा प्लॅन मी चौदा महिन्यांत पूर्ण करतोय, मला दोन्ही बाजू पटल्या.

तिरपागडा

मला तर या सगळ्याचंच हसू येतं. चाळिशीनंतर गुडघे वाचवायचे असतात, झिजवायचे नसतात. चाला की रोज तासभर, कोण नको म्हणतंय. आणि अमेरिकेत लाखो लोकांना जॉगिंगला लावणारा जिम फिक्स १९८४ मध्ये धावतानाच गेला, ५२ व्या वर्षी, हे कुणी सांगत नाही. धागाकर्त्यांचंच वय.

नेमस्त

@तिरपागडा, फिक्सची गोष्ट अर्धीच सांगितलीत. त्याचे वडील ४३ व्या वर्षी हृदयविकाराने गेले होते, तो स्वतः आधी दिवसाला दोन पाकिटं सिगारेट ओढायचा, धावायला लागला तोच मुळी पस्तिशीच्या आसपास, आणि शवविच्छेदनात रक्तवाहिन्या भरपूर तुंबलेल्या निघाल्या. धावण्याने तो मेला की धावल्यामुळे वडिलांपेक्षा नऊ वर्षं जास्त जगला, हे छातीठोक कुणीच सांगू शकत नाही. त्यातून घ्यायचं ते एवढंच की घराण्यात इतिहास असेल किंवा धावताना छातीत जड वाटत असेल तर आधी तपासून घ्या, फिट दिसणं म्हणजे तपासणी नव्हे.

आकडे हवेत तर अमेरिकेतल्या शर्यतींचा एक मोठा अभ्यास २०१२ मध्ये आला. २००० ते २०१० या काळातले सुमारे १ कोटी ९ लाख धावपटू, त्यात ५९ जणांचं हृदय बंद पडलं. फुल मॅरेथॉनमध्ये लाखामागे साधारण १, हाफमध्ये त्याच्या जवळपास पाव. शून्य नाहीये, पण घरी बसण्याची जोखीम कुणी मोजत नाही म्हणून ती शून्य वाटते.

आणि गुडघे. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात हौशी धावणाऱ्यांत गुडघा आणि खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण ३.५ टक्के, बैठ्या लोकांत १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक धावपटूंत १३.३ टक्के. आता ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच धावत राहतात हा आक्षेप घेता येईल, रास्त आहे. पण "धावलं की झिजतात" हे सरसकट वाक्य काही टिकत नाही.

बिनघड्याळी

@नेमस्त, शेवटचा आकडा परत वाचा, १३.३. हौशी ३.५ आणि स्पर्धात्मक १३.३. माझा धागा हेच तर म्हणतोय.

नेमस्त

नाही म्हणत. ते स्पर्धात्मक म्हणजे वरच्या पातळीवर खेळणारे, दोन तास वीस मिनिटांत कटऑफच्या भीतीने पोचणारे आपण नव्हे. वर्षातून एक हाफ पळणारा माणूस हौशीच.

आणि तुमच्या मूळ मुद्द्यालाही विरोध आहे. नेदरलँड्समध्ये नवख्या धावणाऱ्यांवर प्रयोग झाला होता, २००८ मध्ये छापून आला, ५०० पेक्षा जास्त लोक होते. एका गटाला ४ मैलांच्या शर्यतीसाठी ८ आठवडे, दुसऱ्याला १३ आठवडे, हळूहळू वाढवत. दुखापती दोन्हीकडे जवळपास सारख्याच, पाचातल्या एकाला. म्हणजे तारीख लांब ढकलली की पाय आपोआप वाचतात हे गृहीत धरू नका.

बिनघड्याळी

४ मैल आणि २१ किमी यात फरक आहे की नाही? ४ मैलांत लाँग रन (आठवड्यातली सर्वात लांब धाव) हा प्रकारच नसतो. हाफच्या प्लॅनमध्ये एखादा रविवार पावसात गेला किंवा ताप आला की माणूस पुढच्या रविवारी १० वरून थेट १५ वर उडी मारतो, कारण तारीख हलत नाही. आठवड्याची बेरीज बरोबर दिसते आणि एकच रन घात करतो. ही उडी तारखेमुळेच येते, दुसरं कारण सांगा.

पोटरीवाला (फिजिओ आहे, धावतोही)

इथे बिनघड्याळींना थोडं माप झुकतं. माझ्याकडे येणारे चाळिशी-पन्नाशीतले बहुतेक जण एकूण किलोमीटरमुळे नाही, एखाद्या अचानक लांब किंवा अचानक वेगवान रनमुळे आलेले असतात. अलीकडच्या संशोधनातही गेल्या महिनाभरातल्या सर्वात लांब रनपेक्षा एकाच वेळी १० टक्क्यांहून जास्त उडी मारली तर दुखापत वाढते असं दिसलंय. चुकलेला रन चुकला, त्याची वसुली करायची नसते.

पण तारीख काढून टाकून हे बरं होत नाही, कारण दुसरी चूक तशीच राहते. लोक सगळे रन एकाच मध्यम वेगाने करतात, ना धड सोपा ना धड कठीण. सोपा म्हणजे शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल असा. घड्याळातल्या हृदयगतीच्या झोनवर फार विसंबू नका, मिनिटाला जास्तीत जास्त ठोके काढायचं २२० वजा वय हे सूत्र ढोबळ आहे, २००१ मध्ये सुचवलेलं २०८ वजा वयाच्या ७० टक्के हे थोडं बरं, पन्नाशीच्या माणसाला पहिलं १७० देतं आणि दुसरं १७३, पण प्रत्यक्ष माणूस दोन्हीपासून दहा-बारा ठोके सहज लांब असू शकतो. बोलून बघणं स्वस्त आणि खात्रीचं.

आणि वजन उचला! याला कुणी लाइक देत नाही म्हणून उद्गारचिन्ह. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, एका पायावर, हळू, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवूनही, मग हळूहळू पाठीवर वजन. वयाबरोबर आधी जाते ती पोटरीची ताकद, आणि वय वाढलं की धावणाऱ्यांचा पुढे ढकलण्याचा जोर घोट्यातून कमी होऊन खुब्याकडे सरकतो. शूजवर तीन दिवस चर्चा करणारे लोक यावर तीन मिनिटं देत नाहीत.

हळूबाई

वजनांबद्दल +१, आणि बायकांसाठी डबल. पाळी थांबायच्या सुमारास इस्ट्रोजेन घसरतं, हाडांची घनता भराभर कमी व्हायला लागते, स्नायूही. नुसतं धावून ते भरत नाही, आणि वजन उतरवायच्या नादात कमी खाऊन लाँग रन मारले तर उलट स्ट्रेस फ्रॅक्चरला (वारंवारच्या ताणाने हाडाला पडणाऱ्या चिरेला) आमंत्रण. झोपेचा बोजवारा उडालेला असतो तेव्हा प्लॅनमधला इंटरव्हल (मध्ये दम घेत वेगात धावायचा सराव) सोडून दिला तर काही बिघडत नाही, हे मात्र कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नसतं, सगळे तक्ते जणू तीस वर्षांच्या पुरुषासाठी छापलेत.

बिनघड्याळी

हेच! तक्त्याला शरीर कळत नाही. कॅनडाचा एड व्हिटलॉक बघा, २००४ मध्ये ७३ व्या वर्षी फुल मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटांत. कोच नाही, घड्याळबाजी नाही, घराजवळच्या दफनभूमीत तासन्‌तास सावकाश चकरा. असं धावा.

नेमस्त

उदाहरण चुकीच्या माणसाचं घेतलंत साहेब. व्हिटलॉकला त्या चकरा आवडायच्याच नाहीत, कंटाळवाण्या वाटायच्या, तो उघड सांगायचा की मला शर्यत आवडते, रेकॉर्ड मोडायला आवडतात. सत्तरीनंतर तीन तासांच्या आत येणारा पहिला माणूस तारखेशिवाय घडला नाही.

मधली_सुट्टी

मी धावत नाही, आमच्या घरात एक जण धावतो. कुणी विचारलेलं नाही तरी सांगते, तारीख असलेली परवडते. शनिवारी रात्री नऊला झोपणार, रविवारी अकरापर्यंत सोफ्यावर आडवा, कुणाच्या घरी जायचं म्हटलं की "लाँग रन आहे". हे अमुक तारखेला संपणार आहे एवढं कळलं तरी माणूस सहन करतो. बिनतारखेचं धावणं म्हणजे कायमचंच झालं की.

पायमोजे

वहिनी, शर्यत संपली की पुढच्या शर्यतीचं रजिस्ट्रेशन उघडतं.

तिरपागडा

म्हणून म्हणतो, चाला.

पोटरीवाला

मधला मार्ग म्हणून नाही, अनुभवाने सांगतो. आधी दीड तास सोप्या वेगाने, हवं तर चालत-धावत, सलग काही रविवार विनातक्रार जमू द्या आणि मगच फॉर्म भरा. अमेरिकन कोच जेफ गॅलोवेची रन-वॉक (थोडं धावायचं, थोडं चालायचं) पद्धत १९७० च्या दशकापासून लोक वापरतायत, त्यात कमीपणा काही नाही. आणि डीएनएसची (नाव नोंदवून शर्यतीला न उतरण्याची) लाज सोडा. पळताना दुखणं वाढत जातंय किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पावलं लंगडत पडतायत तर सुरुवातीच्या रेषेवर जायचंच नाही, भरलेले पैसे गेले म्हणायचे.

बिनघड्याळी

पैसे भरून न जाणारा चाळिशीतला माणूस दाखवा, मी माझा धागा मागे घेतो.

हळूबाई

मी. गेल्या हिवाळ्यात. टाच दुखत होती, टीशर्ट घेऊन आले आणि घरी बसले. घ्या मागे.

बिनघड्याळी

टीशर्ट घेतलात ना? मग अर्धाच मागे.