मदत हवी आहे : आमचा माळ साफ केला, पण शेजारच्या गुरचरणातून रानमोडी पुन्हा येते

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात कळव्याला राहते. आई आणि जमीन मात्र मुरबाड तालुक्यात, म्हसा रस्त्यापासून थोडं आत. खाली भाताची खाचरं, वर अडीच एकर वरकस, म्हणजे हलक्या जमिनीचा माळ. आजोबा माळावर आलटून पालटून नाचणी, वरी, खुरासणी घ्यायचे आणि मधली वर्षं गवत राखायचे. ते कापून, गंजी रचून तबेलेवाल्यांना विकलं जायचं. बाबांची शाळा त्या गवतावर झाली. आज तिथे डोक्याच्या वर रानमोडी आहे. आत शिरायचं तर कोयता हवा.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: त्रिकोणी पान, त्यावर देठापासून निघालेल्या तीन ठळक शिरा, चुरगळलं की नाकात चढणारा उग्र वास. कापलं-खरचटलं तर गावात अजून हिचा रस लावतात. पण गुरं तोंड लावत नाहीत आणि खाली दुसरं काही उगवू देत नाही. आई म्हणते, रान मोडतं म्हणून रानमोडी. पौषातल्या म्हशाच्या जत्रेच्या सुमारास सगळा माळ पांढरट-जांभळट फुलांनी भरतो आणि शिमग्यापर्यंत बी उडायला लागतं. बारीक काळी काडी आणि टोकाला पांढरी लव. मागच्या फाल्गुनात आई माळावरून आली तेव्हा तिच्या लुगड्याला चिकटलेलं बी मी वेचायला बसले, तर मूठ भरली. त्यात वाळलेल्या काड्या उन्हाळाभर उभ्या असतात. वणवा लागला की खालच्या पेंढ्यापर्यंत यायला वेळ लागत नाही.

आम्ही स्वस्थ बसलो नाही. तीन वर्षांपूर्वी सहा माणसं लावून अकरा दिवस कोयत्याने तोडली. पुढच्या पावसात एकेका खुंटाला पाच-सहा फुटवे. मग शहाणपण आलं. पुढच्या वर्षी फक्त एक एकर धरला आणि टिकावाने मुळांचे गड्डे उकरून काढले. त्या एकरात दुसऱ्या पावसाळ्यात मारवेल, म्हणजे गुरांचं चांगलं गवत, दिसला, तेव्हा आई बांधावर बसून रडली. खोटं सांगत नाही.

पण माळाच्या उत्तरेला गुरचरण आहे आणि पूर्वेला दोन फार्महाऊस प्लॉट. मालक बाहेरचे, गेटला कुलूप. दोन्हीकडे रानमोडीचं जंगल. या भाद्रपदात साफ केलेल्या एकरात सुपाएवढ्या जागेत मी २३ कोवळी रोपं मोजली. वारा तिकडून इकडे आहे, बी तिकडचं आहे, आणि उपटायची आम्ही.

त्या प्लॉटच्या रस्त्यासाठी डंपरने माती आणली तेव्हापासून गाजर गवतही आलं आहे. आधी आमच्या बाजूला ते नव्हतं. गेल्या वर्षी आईने बांधावरचं हाताने उपटलं आणि कोपरापर्यंत पुरळ उठलं, दोन महिने हात झाकून झोपायची. डॉक्टरांनी आता त्याला हातच लावू नका म्हणून सांगितलं आहे.

सरकारी प्रयत्न झालेच नाहीत असं मी म्हणणार नाही. दोन वर्षांपूर्वी रस्त्याच्या कडेने एकदा फवारणी झाली. पण तेव्हा गाजर गवत फुलून गेलं होतं. ते पिवळं पडलं, बी जमिनीत राहिलं, पुढच्या पावसात दुप्पट आलं. मी अर्ज घेऊन गेले. एका कार्यालयाने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसरीकडे, आणि तिसऱ्याने "तुमच्या जमिनीत आहे का? नाही ना?" असं विचारून परत पाठवलं.

माझे प्रश्न असे. गुरचरणावरचं तण काढणं नेमकं कुणाचं काम, आणि अर्ज कुणाकडे, कोणत्या आधारावर करायचा? गाजर गवत खाणाऱ्या भुंग्याबद्दल ऐकलं आहे, तो रानमोडीवर चालतो का? आणि कुलूपबंद प्लॉटच्या मालकांना कसं गाठायचं? फवारणी सुचवू नका ही विनंती, माळाच्या पायथ्याशी विहीर आहे आणि चार घरं तिचं पाणी पितात.

प्रतिसाद : शहापूरकर

ताई, मी एक मुदत ग्रामपंचायतीत सदस्य होतो, त्यातलं सांगतो. गुरचरण जमीन शासनाची असली तरी रोजची देखभाल पंचायतीकडे असते, त्यामुळे सुरुवात तिथूनच करा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ४५ खाली पंचायतीच्या कामांची सूची आहे. त्यात केरकचऱ्याचे ढीग, जंगली वाढ आणि निवडुंग काढण्याचं काम आहे. अर्जात रानमोडीला "जंगली वाढ" म्हणा आणि त्या सूचीचा उल्लेख करा. "तण" लिहिलंत की कृषी खात्याकडे बोट दाखवतील.

सूचीत निवडुंग का, असं वाटेल. आपल्या आजोबांच्या पिढीला विचारा, फड्या निवडुंगाने माळ आणि गावठाणं अडवली होती. १९२६ मध्ये श्रीलंकेतून कोचिनील जातीचा किडा आणून सोडला आणि त्याने तो निवडुंग खाऊन संपवला. आज शोधावा लागतो. तेव्हा तो किडा कुणाचा बांध कुठला हे बघत नव्हता, म्हणून जमलं.

अर्ज सरपंचांच्या हातात देऊन सोडू नका. ग्रामसभेत ठराव होऊ द्या. १५ ऑगस्टची सभा धरा, २ ऑक्टोबरला उशीर होतो. ऑगस्टमध्ये ठराव झाला तर भाद्रपद-आश्विनात जमीन ओली असताना गड्डे निघतात. दसऱ्यानंतर आपली माती टिकावाला दाद देत नाही हे तुम्हाला माहीत आहेच. मजुरीसाठी रोजगार हमीच्या आराखड्यात गुरचरण विकासाचं काम म्हणून मागणी ठरावातच लिहा.

प्रतिसाद : खाचर

शेतकी शिकलोय आणि घरी भातशेती आहे, म्हणून लिहितो.

भुंगा रानमोडीवर चालत नाही. मेक्सिकन भुंगा बंगळुरूमार्गे १९८० च्या दशकात आणला, तो फक्त गाजर गवतासाठी. जूनच्या पावसानंतर बाहेर येतो, पानं खाऊन झाडाला काडी करून टाकतो आणि थंडीच्या तोंडाला जमिनीत जाऊन बसतो. आकार तांदळाच्या दाण्याएवढा, पाठीवर फिकट रंगावर काळपट वळणदार रेघा. आपल्याकडे आधीपासून पसरलेला आहे, विकत घ्यायची गरज नाही. रस्त्याकडेला जिथे गाजर गवताची पानं चाळणीसारखी दिसतील तिथे जुलै-ऑगस्टमध्ये शोधा, जाळीच्या डब्यात गोळा करा आणि संध्याकाळी तुमच्या बांधावर सोडा. एका वर्षात चमत्कार होणार नाही. जोडीला टाकळ्याचं बी वैशाखात त्याच पट्ट्यात फेका. टाकळा दाट उगवला की गाजर गवताला जागा मिळत नाही, आणि पावसाळ्यात भाजीही होते. काकूंना मात्र उपटायला पाठवू नका. ज्यांना उपटायचं आहे त्यांनी हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडकं, आणि फुलायच्या आधी. एकेका झाडाला हजारो बिया येतात, त्यामुळे फुलल्यावरचं काम वाया. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातर्फे दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजर गवत जागृती सप्ताह असतो. १५ तारखेच्या ग्रामसभेच्या दुसऱ्याच दिवशी सुरू होतो, सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) तेव्हाच गावात बोलवा, ते यायला तयार असतात.

रानमोडीसाठी तुमचा टिकावच बरोबर. फक्त एक बदल करा: उकरलेला गड्डा मुळं वर करून उन्हात ठेवा, नाहीतर ओल्या मातीत परत धरतो. आणि सगळा माळ एकदम घेऊ नका. गुरचरणाला लागून असलेला पट्टा आधी, मग आत. मोकळी झालेली जागा उघडी ठेवू नका. पहिल्याच पावसात मारवेलचे ठोंब लावा किंवा स्टायलो हा चारा पेरा. रानमोडीला ऊन हवं असतं, दाट गवतात तिचं रोप तगत नाही.

काही जण म्हणतील राबाला (भाताच्या रोपांची जागा भाजायला) तोडा, टहाळाचं, म्हणजे जाळायच्या पाल्या-फांद्यांचं काम होईल. पण राब भाजायची वेळ येईपर्यंत बी उडालेलं असतं. तोडायचीच तर दिवाळीच्या आसपास, फुलायच्या आधी तोडून खड्ड्यात कुजवा.

विहिरीचा विचार करून फवारणी टाळताय ते योग्य. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरताच ठेवला. रस्त्याकडेला कुणी पंप घेऊन दिसलं तर काय मारताय ते विचारा.

प्रतिसाद : उल्हासकाठ

रानमोडीचं मला माहीत नाही, पण मोहन्याजवळ उल्हास नदीतली जलपर्णी आम्ही वर्षानुवर्षं बघतोय. यंत्र लावून काढतात, काठावर ढीग पडतात, आणि वरून पुन्हा वाहत येते. सांडपाणी चालू आहे तोवर तिला खायला मिळतं. तुमचं गुरचरण म्हणजे आमचा वरचा भाग. तिथून सुरुवात झाली नाही तर खाली कितीही काढा.

प्लॉटमालकांबद्दल: सातबारा ऑनलाइन काढा, नाव मिळेल. आधी साधं पत्र पाठवा, फोटो जोडून. आमच्याकडे एका मालकाला खरंच माहीत नव्हतं, पत्र मिळाल्यावर त्याने स्वतःचा माणूस पाठवला.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आईला फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. निवडुंगाची गोष्ट तिला तिच्या आजीकडून माहीत होती, फक्त किडा कुठून आला ते ठाऊक नव्हतं. टाकळ्याचं बी ती कार्तिकात गोळा करणार आहे, जागा तिने ठरवूनही टाकली.

गावातल्या तीन घरांशी बोलले. त्यांचेही माळ गुरचरणाला लागून आहेत. चौघांच्या सह्यांचा अर्ज करतोय आणि गुरचरणाच्या कडेचा दहा हातांचा पट्टा या वर्षी आम्ही चौघं मिळून उकरणार आहोत, ठराव होईपर्यंत थांबत नाही. दोन्ही प्लॉटचे सातबारे काढले. एका मालकाचा पत्ता ठाण्यातलाच निघाला, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. रविवारी त्यांच्याकडे जाते आहे, सोबत वाळलेल्या फुलाची एक फांदी घेऊन.

शहापूरकर, ठरावाचा मसुदा जुन्या कागदांत सापडला तर इथे टाकाल का? नावं काढून चालेल.