विषय: ठाण्याला येतोय, बाळाची कार सीट उलटीच ठेवू का सरळ करू?

म्युनिकहून

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आम्ही तिघं ठाण्याला येतोय, सासर कासारवडवलीला आणि माहेर खारघरला, म्हणजे गाडीने येणंजाणं भरपूर होणार. लेक 14 महिन्यांची आहे, वजन 10 किलोच्या आसपास. इथे ती मागे तोंड करून बसते, आमची सीट आयसोफिक्सवाली आहे, म्हणजे गाडीच्या सीटमधल्या लोखंडी कड्यांना थेट अडकणारी, खाली टेकूचा पाय असलेली, नुसत्या बेल्टवर ती बसतच नाही. आणि दिराच्या जुन्या गाडीत आयसोफिक्स नाहीये. सासूबाई व्हिडिओ कॉलवर बघतात आणि म्हणतात, अगं पोरीचे पाय किती दुमडलेत, आता मोठी झाली ती, तोंड पुढे करून बसव, रस्ता तरी दिसेल तिला. दीर म्हणतात 15 महिन्यांनंतर तुमच्या तिकडच्या नियमातही चालतं, मग मी इथे सरळ बसायचीच सीट घेऊन ठेवतो. मला आतून पटत नाहीये पण त्यांना नीट समजावताही येत नाहीये. इथून परत ठाण्याला गेलेल्यांपैकी कोणी सांगेल का प्लीज?

मानपाड्याहून

अगं, अजिबात फिरवू नकोस. 15 महिने ही युरोपच्या आय-साइझ नावाच्या, बाळाच्या सीटच्या नियमातली कमीत कमी अट आहे, म्हणजे त्याच्या आधी सरळ करायचंच नाही, 15 महिने झाले की करायलाच हवं असं त्यात कुठेही नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आधी 2 वर्षांपर्यंत म्हणायची, 2018 मध्ये त्यांनी वयाचा आकडाच काढून टाकला आणि सांगितलं की त्या सीटची वजनाची किंवा उंचीची मर्यादा येईपर्यंत तोंड मागेच असू दे. स्वीडनमध्ये तर चार-चार वर्षांची मुलं अशी बसतात.

सगळा प्रश्न मानेचा आहे. एवढ्या लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने खूप जड असतं आणि मानेचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात, मधेमधे कूर्चाच असते. समोरून धडक बसली की सरळ बसलेल्या मुलाचे खांदे पट्ट्यांनी धरून ठेवले जातात पण डोकं पुढे फेकलं जातं, आणि तो सगळा हिसका त्या मानेला बसतो. उलट्या सीटमध्ये डोकं, मान, पाठ एकदमच सीटच्या पाठीत दाबले जातात, त्यामुळे जोर एका जागी येत नाही. पायांचं सासूबाईंना सांग की मुलं मांडी घालून नाहीतर पाय वर टेकवून आरामात बसतात, त्यांना त्याचा त्रास होत नाही.

आता दिराच्या गाडीचं. तुमची सीट तिथे बसणारच नाही तर ती उगाच वाहून आणू नकोस. इकडे बेल्टवर बसणारी 0 ते 18 किलोची सीट मिळते, दोन्हीकडे तोंड करता येतं अशी. तिच्यावर बहुधा असं लिहिलेलं असतं की मागे तोंड 13 किलोपर्यंत आणि पुढे तोंड 9 ते 18 किलो. लोक त्यातला 9 चा आकडा वाचतात आणि लगेच सीट फिरवून टाकतात! तुझी लेक 10 किलोची, म्हणजे ती दोन्हींत बसते, अशा वेळी मागेच तोंड ठेवायचं. फक्त डोकं सीटच्या वरच्या कडेच्या खाली राहतंय ना ते बघ.

दिरांना सांग, सीट ऑनलाइन मागवू नका, गाडी घेऊन दुकानात जा आणि तिथेच लावून बघा, कारण उलटी सीट लावायला बेल्ट खूप लांब लागतो आणि काही गाड्यांत तो पुरतच नाही. सीटच्या अंगावर निळ्या आणि लाल खुणा असतात, निळी उलट्यासाठी, लाल सरळसाठी, तर बेल्ट निळ्या खुणांमधूनच गेला पाहिजे. लावून झाल्यावर बेल्ट जिथून जातो तिथे हात धरून जोरात हलवायचं, इंचभरापेक्षा जास्त सरकता कामा नये. बाळाचे खांद्याचे पट्टे उलट्या सीटमध्ये खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित खालून यायला हवेत. आणि ही सीट पुढे ड्रायव्हरच्या शेजारी लावायची नाही, समोर एअरबॅग असते, ती उघडली तर सीटच्या पाठीवर म्हणजे बाळाच्या डोक्यावरच आदळेल.

ऐरोलीहून

सूनबाई, मी आजोबा आहे म्हणून तुझ्या सासूबाईंच्या बाजूने थोडं लिहितो. आमच्या वेळी मुलं मांडीवरच वाढली, त्यामुळे पट्ट्यात बांधलेलं, तोंड फिरवलेलं मूल बघवत नाही, त्यात माया आहे, हट्ट नाही. त्यांना आकडे सांगू नकोस, मागच्या सीटवर बाळाच्या शेजारी त्यांनाच बसव, आजीचं तोंड दिसलं की पोरगी रस्ता मागणार नाही. आमची नात अशीच रमते.

आणि घोडबंदर रोडला कुठे स्पीड मिळतो, असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस. दिवसा नाही मिळत, पण रात्री गायमुखच्या घाटात कंटेनर कसे उतरतात ते आम्ही बघतो. मागे बसलेल्याला पट्टा लागत नाही ही समजूत तर मोठ्यांचीही आहे, सप्टेंबर 2022 मध्ये पालघरला गाडीच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते मागच्याच सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. 2019 च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यातही आहे, 14 वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा बाळाच्या सीटशिवाय नेलं तर 1000 रुपये दंड. कोणी पकडत नाही म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही.

म्युनिकहून

काका, ताई, मनापासून आभार, दोन्ही मेल दिरांना फॉरवर्ड केल्या, ते शनिवारी गाडी घेऊन दुकानात जातायत. फक्त एक राहिलं, एअरपोर्टवरून रात्री घरी येताना काय करू? भाड्याच्या गाडीत भरवसा नाही आणि प्रवासाने ती झोपलेली असणार, सगळे म्हणतील घे मांडीवर, अर्ध्या तासाचा तर रस्ता आहे.

मानपाड्याहून

मांडीवर नको गं, ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे रात्री मोकळा असतो, तेव्हाच गाड्या सुसाट जातात आणि ब्रेक लागला तर हातात धरलेलं 10 किलोचं मूल कोणालाच धरून ठेवता येत नाही. दिरांनाच सीट लावून गाडी घेऊन यायला सांग. ते जमलंच नाही तर सीट त्यांच्याकडून एअरपोर्टला मागव आणि भाड्याची गाडी आदल्या दिवशी ठरवून ड्रायव्हरला फोनवरच सांगून ठेव की मागचे बेल्ट आणि बकल सीट कव्हरच्या खालून वर काढून ठेवा. बऱ्याच गाड्यांत ते कव्हरखाली गाडलेले असतात आणि रात्री एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये, मागे हॉर्न वाजत असताना, ते शोधत बसणं होत नाही. खिडकीच्या बाजूचा तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट हवा, मधला नुसता कमरेचा असेल तर तिथे सीट लावू नका. आणि दुपारी गाडी उन्हात उभी राहणार असेल तर सीटवर एखादी ओढणी टाकून ठेव, डिसेंबर असला तरी आपल्याकडे बकल चटका बसण्याइतकं तापतं.