तीमथ्याची पत्रं पौलाची नाहीत म्हणे!

तार्ससकर: काल एका विद्वानांनी बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौलाच्या नावावर असलेल्या पत्रांबद्दल लिहिलं, "तीमथ्याला दोन, तीताला एक, तिन्ही पत्रं बनावट, वाद कधीच संपलाय." संपवला कुणी? १८०७ साली जर्मन धर्मपंडित श्लायरमाखरने पहिल्या तीमथ्यावर, म्हणजे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रावर, शंका घेतली. १९२१ मध्ये हॅरिसन नावाचा अभ्यासक या तिन्ही पत्रांतले शब्द मोजत बसला: विशेषनामं सोडून वेगवेगळे ८४८, त्यातले ३०६ पौलाच्या इतर दहा पत्रांत नाहीत. बरं मग? पौलाचं रोमकरांना लिहिलेलं पत्र तर्तिय नावाच्या लेखनिकाने उतरवून घेतलं, तो स्वतःच तिथे सलाम सांगतो. लेखनिक बदलला की भाषा बदलणारच. आणि दुसऱ्या तीमथ्यात त्रोवस गावी कार्प नावाच्या माणसाकडे राहिलेला झगा मागवलाय; बनावट लिहिणारा तो कशाला मागवेल?

शंकेखोर: तुमच्यासारखे भुलावेत म्हणून! लेखनिकाने एवढी मोकळीक घेतली तर त्यात पौल उरला किती? दुसऱ्या शतकातल्या मार्कियोनने पौलाच्या पत्रांचा संग्रह केला, त्यात ही तिन्ही नव्हतीच.

तार्ससकर: मार्कियोनने लूकच्या शुभवर्तमानालाही कात्री लावली. भला साक्षीदार शोधलात! दुसऱ्या शतकातला बिशप इरेनियस ही पत्रं पौलाची म्हणूनच वापरतो. जुना ख्रिस्ती लेखक टर्टुलियन सांगतो, 'पौलाची कृत्ये' हे पुस्तक रचणारा आशिया प्रांतातला मंडळीचा वडील (चर्चचा पुढारी) "पौलावरच्या प्रेमापोटी केलं" म्हणाला, तरी त्याचं पद गेलं. असली लबाडी मंडळीला चालत नव्हती.

शंकेखोर: तो सापडला. न सापडलेल्यांचं काय?

केडगावची: तुमचं चालू द्या. स्त्रीने शिकवू नये, हे पहिल्या तीमथ्यातलं वचन दाखवून माझ्याकडून मोठ्यांचा शास्त्रवर्ग काढून घेतला. करिंथकरांना लिहिताना तिथल्या मंडळीत बायका प्रार्थना करतात, देवाचा संदेश देतात, हे धरून चालणारा पौल तो हाच का?

तार्ससकर: म्हणजे वचन टोचलं की लेखक बदलायचा!

केडगावची: जरा जपून बोला. पंडिता रमाबाईंनी अख्खं शास्त्र, म्हणजे बायबल, मूळ भाषांवरून मराठीत आणलं. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनात बायकांना शिकवलं कुणी? तीताने?

जुना वाचक: ताई, रमाबाईंनी ते वचन गाळलं नाही. आणि करिंथकरांच्या पहिल्या पत्रातही चौदाव्या अध्यायात बायकांना गप्प बसवलंय. ते पत्र पौलाचं नाही असं कोण म्हणतं? लेखक बदलून तुमचा वर्ग परत मिळायचा नाही.

केडगावची: ती दोन वचनं काही हस्तलिखितांत अध्यायाच्या शेवटी सरकलेली आहेत, तेही सांगा की. सोयीचं तेवढंच आठवतं!

शंकेखोर: मूळ मुद्द्यावर या. दुसऱ्या तीमथ्यात पौलाचा आवाज ऐकू येतो, एवढं देतो. पहिलं मात्र मरेपर्यंत मानणार नाही.

तार्ससकर: मोठी मेहरबानी! तीनातलं एक सोडलंत. उरलेल्या दोघांसाठी उद्या इरेनियस उघडून बसतो.

केडगावची: बसा. बायकांनी चहा आणायचा की तेही तीमथ्याला विचारून सांगता?